गोव्यात किराणा दुकान ऑनलाइन न्यायचंय? सुरुवात मागच्या दारातून करा

आमचं दुकान डिचोली तालुक्यातल्या एका गावात आहे. आजोबांच्या काळी तो साधा पसरो, म्हणजे गावातलं छोटं किराणा दुकान, होता. वडिलांनी काउंटर टाकलं, काचेच्या बरण्या मांडल्या. आता संगणक, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी आणि घरपोच डिलिव्हरी मी बघतो. पेडण्याहून, सत्तरीतून, कधी काणकोणातूनही नव्याने दुकान टाकणारी मुलं विचारायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, ॲप कुठलं घेऊ?"

ॲप सगळ्यात शेवटी घ्या, असं मी सांगतो. ऑनलाइन दुकान चालतं की बुडतं हे मागच्या दाराशी ठरतं. तिथे टेम्पो लागतो, पेट्या उतरतात आणि कोणीतरी त्या मोजून घेतो. तो माणूस आणि त्याने केलेली नोंद बरोबर असेल तरच फोनवर ‘आहे’ दिसणारी वस्तू रॅकवर खरंच सापडते. म्हणून खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने दिल्यात, त्याच क्रमाने चढा.

पहिली पायरी: कागद

यात फार वेळ घालवू नका, पण अर्धवटही सोडू नका. पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, आणि अन्नपदार्थ विकता म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना. उलाढाल लहान असेल तर नोंदणी, मोठी असेल तर परवाना. त्यांचा 14 अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो, तेव्हा बिलाचा नमुना ठरवतानाच तो घालून घ्या. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर जाणार असेल तर जीएसटी नोंदणी लागते. किराणा दुकानात हा आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर ओलांडला जातो. कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरायची सोय) जायचं की नाही, हे कर सल्लागाराबरोबर बसून ठरवा, आणि पुढे ॲपवरून विकायचं मनात आहे हे त्याला आधीच सांगा. त्याचे नियम वेगळे आहेत.

वजनकाट्यावर वैधमापन खात्याची मोहोर दर वर्षी ताजी करून घ्यायची असते. छापील कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. थंड बाटलीचे ‘फ्रीजचे दोन रुपये’ हे बेकायदा आहेत. समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यात दुकान टाकणाऱ्यांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण तिथे तो मोह फार होतो.

दुसरी पायरी: आधी कोणाला नेमायचं

बहुतेक नवे दुकानदार पहिला माणूस काउंटरवर बसवतात. माझ्या मते पहिला पगार माल उतरवून घेणाऱ्याला द्यावा आणि काउंटरवर सुरुवातीला स्वतः बसावं. गिऱ्हाईक ओळखायचं तर तुम्हालाच ओळखायला हवं, आणि गल्लाही तुमच्याच हाताखाली असलेला बरा.

या माणसाचं काम नीट समजून घ्या. सेल्समनने आणलेलं बिल हातात घ्यायचं, पेटी उघडून नग मोजायचे, तारखा बघायच्या, फुटकं-ओलं बाजूला काढायचं आणि मगच सही करायची. ‘दहावर एक फुकट’ अशी स्कीम असेल तर ते फुकटचं पाकीटही नोंदवायचं. नाहीतर संगणकाच्या लेखी तुमच्या दुकानात दहाच पाकिटं असतात आणि अकरावं गेलं तरी कोणाला कळत नाही. जुना माल पुढे ओढून नवा मागे लावणंही त्याचंच काम. गोव्याच्या पावसात बिस्किटं आणि रवा रॅकच्या मागच्या कोपऱ्यात विसरले, की जुलैत टाकूनच द्यावे लागतात.

हे काम करायला आमच्याकडे गावातली एक ताई आहे. शिक्षण बारावीपर्यंत. मुलं शाळेत जायला लागल्यावर ती कामावर आली. गोव्यात मुलगे सरकारी नोकरीची वाट बघत बसतात आणि दुकानात कोणी टिकत नाही, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण गावातल्या बायकांकडे बघायला आपण विसरतो. त्यांना तीन गोष्टी लागतात: वेळ शाळेशी जुळणारी, पगार ठरल्या तारखेला, आणि संध्याकाळची शेवटची बस चुकणार नाही याची खात्री. आमच्या रस्त्यावर आठनंतर बस मिळण्याची शाश्वती नाही, म्हणून ती साडेसातला निघते. त्यानंतर कितीही गर्दी असो, तिला थांबवायचं नाही हा माझा नियम आहे.

बाहेरून आलेली मुलंही लागतातच. कर्नाटक, ओडिशा, झारखंडहून आलेली मुलं गोव्यात अर्ध्या दुकानांचा भार उचलतात. त्यांना खोली दिलीत तर भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्या. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्या. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्यापासून ते बंधनकारकच आहे. पगार बँकेतून करा. किमान वेतनाचे दर कामगार आयुक्तालय जाहीर करतं आणि त्यातला महागाई भत्ता अधूनमधून बदलतो, त्यामुळे जुन्या आकड्यावर विसंबून राहू नका. 10 माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि 20 झाली की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. साप्ताहिक सुट्टी सुट्टीच असू द्या. चौदा वर्षांखालचं मूल कामावर ठेवायचं नाही, मग घरच्यांनी कितीही गळ घातली तरी.

शिकवताना भाषेपासून सुरुवात करा. आमच्याकडे ओडिशाचा एक मुलगा नवीन आला होता. दुसऱ्याच दिवशी एक आजी येऊन म्हणाल्या, "म्हाका अर्दो किलो गोड जाय." त्याने विचार करून साखरेचं पाकीट पुढे केलं. आजी म्हणाल्या, "साकर न्हय रे, गोड!" मग त्याने बर्फीचा डबा दाखवला. कोकणीत गूळ म्हणजे गोड, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? मराठी घरातून आलेला मुलगासुद्धा ‘मिरसांग’ आणि ‘मिरयां’ यांत गोंधळतो. पहिली मिरची, दुसरी मिरी. त्या संध्याकाळी मी एक तक्ता केला: कोकणी नाव, मराठी नाव, हिंदी नाव, रॅकचा क्रमांक. तो अजून काउंटरमागे चिकटवलेला आहे आणि नवीन आलेला प्रत्येक जण पहिले तीन दिवस तोच वाचतो.

तिसरी पायरी: मालाची यादी

हे काम कंटाळवाणं आहे आणि यावरच बाकी सगळं उभं राहतं. संगणकात प्रत्येक वस्तूची एक नोंद करायची: नाव, कंपनी, वजन, एकक, बारकोड, कराचा दर, खरेदी किंमत, कमाल किंमत. यादी स्वतः करा. सॉफ्टवेअरवाला तयार यादी देतो, पण तिच्यात तुमच्याकडे कधीही न येणाऱ्या हजार वस्तू असतात, आणि उकडे तांदूळ, सोलां, माडाचा गूळ नेमके नसतात.

दोन गोष्टी इथे काळजीने करा. पहिली, एकाच वस्तूला शोधण्यासाठी चार नावं द्या. सोलां, आमसुलं, कोकम, यातलं काहीही टाइप केलं तरी तीच वस्तू समोर यायला हवी. दुसरी गोष्ट एककाची. पेटी आणि नग.

या दुसऱ्या गोष्टीने आम्हाला एका चतुर्थीला चांगलाच धडा दिला. तांदळाच्या पिठाची अर्ध्या किलोची पाकिटं आली होती, पेटीत 20, अशा दोन पेट्या. म्हणजे 40 पाकिटं. त्या दिवशी ताई सुट्टीवर होती, नोंद मी स्वतः केली, घाईत. एकक ‘पेटी’ ठेवलं आणि संख्येच्या जागी 20 टाकले. संगणकाने 20 पेट्या गुणिले 20 करून 400 पाकिटं दाखवली. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत व्हॉट्सॲपवरून सत्तरच्या वर पाकिटांच्या ऑर्डरी मी ‘हो’ म्हणून घेतल्या आणि संध्याकाळी रॅकसमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा तळाशी सहा पाकिटं होती. रात्री म्हापशाला गाडी काढली, मिळेल त्या भावाने पीठ आणलं आणि घरोघर पोचवलं. पैशाचं नुकसान भरून निघालं. पण एका घरी दार उघडलेल्या काकूंनी घड्याळाकडे बघून नुसतं पाकीट घेतलं, काही बोलल्या नाहीत, ते मला अजून आठवतं. चतुर्थीच्या आदल्या रात्री घरात पीठ नसणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणालाही वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून दोन नियम आहेत. माल मोजणारा आणि संगणकात नोंद करणारा वेगवेगळा असतो, आणि दोघांचे आकडे जुळले तरच बिल फाईलला लागतं. दुसरा नियम रोजच्या मोजणीचा. गोव्यात दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायची रीत अजून आहे, आणि ती मला देणगीच वाटते. दार अर्धं ओढलं की रोज पंचवीस वस्तू हाताने मोजायच्या आणि संगणकाशी ताडून बघायच्या. तेल, साखर, नारळ, चहा, दूध पावडर अशा जोरात जाणाऱ्या वस्तू दर आठवड्याला, बाकीच्या महिन्यातून एकदा. वर्षाअखेरी एकदाच सगळं मोजणाऱ्याला फरक सापडतो, पण तो का पडला हे सापडत नाही.

कराचे दर नोंदीत बरोबर असण्याचा फायदा 22 सप्टेंबर 2025 ला दिसला. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले: साबण, टूथपेस्ट, शॅम्पू 18 वरून 5 टक्क्यांवर आले, तूप आणि लोणी 12 वरून 5 वर. ज्यांच्या याद्या नीट गटवार होत्या त्यांनी एका रात्रीत बदल केला. बाकीचे कित्येक दिवस एकेक वस्तू शोधत बसले होते.

चौथी पायरी: यंत्रं

संगणक फार भारी नको. बिलिंग सॉफ्टवेअर निवडताना एक परीक्षा घ्या: विक्रेत्यासमोर इंटरनेट बंद करा आणि बिल काढून दाखवायला सांगा. पावसाळ्यात आमच्याकडे नेट दिवसातून चार वेळा जातं. जे सॉफ्टवेअर नेटशिवाय थांबतं, ते जून ते सप्टेंबर तुमच्या कामाचं नाही. मुदत संपायला आलेल्या मालाची यादी निघते का, पेटीचे नग होतात का, सुटा माल ग्रॅममध्ये विकता येतो का, आणि सोडून द्यायची वेळ आली तर तुमची माहिती एक्सेलमध्ये परत मिळते का, हेही विचारा. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग अडकतात.

बारकोड स्कॅनर, तीन इंची थर्मल प्रिंटर, इन्व्हर्टर. सुटा माल बराच असेल तर लेबल छापणारा वजनकाटा घ्या. डाळ तोलली की वजन आणि किंमत असलेलं लेबल निघतं आणि काउंटरवर ते नुसतं स्कॅन होतं. ऑनलाइन ऑर्डर भरताना या काट्याने आमचा जवळजवळ अर्धा वेळ वाचवला. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, तेव्हा खरेदीची बिलं त्याच दिवशी फोनवर स्कॅन करून ठेवा. दमट हवेत काट्याच्या पायाशी गंज चढतो, त्याखाली रबराचा तुकडा ठेवा. आणि रोज रात्री माहितीची एक प्रत दुकानाबाहेर जायला हवी, कारण वीज पडून संगणक जळाल्याची उदाहरणं आमच्याच तालुक्यात आहेत.

पाचवी पायरी: व्हॉट्सॲप

पहिले सहा महिने हेच तुमचं ॲप. व्यवसायासाठीचं व्हॉट्सॲप वेगळ्या नंबरवर घ्या, घरच्या नंबरवर नको. कॅटलॉगमध्ये सुरुवातीला पन्नासच वस्तू टाका, आणि त्यात पहिल्यांदा त्या, ज्या गोव्याबाहेरचा कोणी देऊ शकत नाही. शहरी पट्ट्यात काही मिनिटांत पोचवणारी ॲप्स आली आहेत. साबण आणि नूडल्सच्या किमतीत आपण त्यांच्याशी झुंजू शकत नाही. पण ओळखीच्या शेतकऱ्याकडचे उकडे तांदूळ, घरी वाळवलेली सोलां, काणकोणची खोला मिरची (तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं), मे महिन्यात भरून ठेवायचे सुके सोडे, यांचा स्वच्छ उजेडात काढलेला एक फोटो टाका आणि बघा किती फोन येतात.

ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि सणाच्या शुभेच्छांत ऑर्डर हरवते. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, आणि तीही विचारून.

ऑर्डर आली की ती जशीच्या तशी वाचून भरायला घेऊ नका. आधी तुमच्या बिलिंगमध्ये टाका, मग वस्तू गोळा करण्याची चिठ्ठी छापा, रॅकच्या क्रमाने. वस्तू नसेल तर लगेच फोन करा. आपल्या मनाने दुसऱ्या कंपनीची वस्तू घालणं ही सगळ्यात वाईट सवय. भरताना जड वस्तू तळाला, अंडी वर, साबण आणि वॉशिंग पावडर चहा-पिठापासून वेगळ्या पिशवीत, सुकी मासळी तर दुहेरी गुंडाळून अगदी स्वतंत्र. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2022 च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे. आम्ही कापडी पिशव्या क्रमांक घालून फिरवतो, पुढच्या फेरीत रिकामी पिशवी परत येते.

सहावी पायरी: पोचवणं, आणि त्याचा हिशेब

इथे पेन घेऊन बसा. समजा 500 रुपयांची ऑर्डर आहे आणि सरासरी नफा 10 टक्के, म्हणजे 50 रुपये. मुलाला महिन्याला 15,000 पगार धरला तर 26 दिवस, 8 तास, म्हणजे तासाला साधारण 72 रुपये. एकाच घरी जाऊन-येऊन 6 किलोमीटर आणि अर्धा तास लागला, तर वेळेचे 36 आणि पेट्रोलचे 13. हातात उरला एक रुपया, पिशवीचा खर्च धरायच्या आधी.

आता त्याच मुलाला एका फेरीत पाच घरं द्या. 12 किलोमीटर, दीड तास. वेळेचे 108, पेट्रोलचे 27, मिळून 135. पाच घरांत वाटले तर घरामागे 27, आणि उरले 23. म्हणून आमच्या दोनच फेऱ्या आहेत, साडेअकरा आणि साडेपाच. ‘आत्ताच हवंय’ म्हणणाऱ्याला आम्ही नम्रपणे वेळ सांगतो. लोक ऐकतात, कारण सांगितलेल्या वेळेला पिशवी दारात असते. आजारी माणसासाठी किंवा तान्ह्या बाळासाठी काही लागलं तर मात्र फेरीची वाट न बघता निघायचं, आणि तिथे हिशेब करायचा नाही.

गोव्यातला पत्ता म्हणजे घर क्रमांक, वाडा आणि ‘खुरसाजवळच्या (क्रुसाजवळच्या) आंब्यापाशी वळा’. पहिल्या ऑर्डरला लोकेशन मागून घ्या आणि गिऱ्हाइकाच्या नावासमोर खूण लिहून ठेवा: निळं गेट, कुत्रा मोकळा असतो, आजींना ऐकू कमी येतं म्हणून बेल दोनदा. मुलगा बदलला तरी ही माहिती दुकानातच राहते.

पैसे घेताना मुलाच्या वैयक्तिक क्यूआरवर कधीही नको, दुकानाचाच क्यूआर त्याच्याबरोबर द्या. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा ‘यशस्वी’ असा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. दुकानातल्या साउंडबॉक्सने किंवा तुमच्या खात्याने सांगितलं, तरच पैसे आले असं समजा. रात्री रोख, यूपीआय आणि उधारी असे तीन आकडे बिलांच्या बेरजेशी जुळवूनच दिवा बंद करा.

उधारी

उधारी बंद करा असं शहरातले सल्लागार सांगतात. खेड्यात ते जमत नाही आणि माझ्या मते करूही नये. पण आम्ही खाणपट्ट्यातले. 2012 च्या सप्टेंबरात लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुन्हा 2018 च्या मार्चमध्ये थांबल्या, तेव्हा ट्रकवाल्यांच्या घरची वही पानामागून पान भरत गेली. कोणाची नियत वाईट नव्हती, घरात पैसाच येत नव्हता. त्यातून शिकलो ते असं: प्रत्येक घराची मर्यादा संगणकात घाला, ती घरच्यांना आधी सांगा, आणि महिन्याला बिलाची प्रत व्हॉट्सॲपवर पाठवा. ‘बाकी किती’ हे चारचौघांत काउंटरवर बोलायचं नाही. गृह आधारचे (गोवा सरकार गृहिणींना दर महिन्याला देतं ती मदत) पैसे खात्यात कधी पडतात ते लक्षात ठेवा, त्या आठवड्यात बरीच खाती आपणहून मिटतात.

सातवी पायरी: आता ॲप

रोजच्या मोजणीत पंचवीसपैकी चोवीस वस्तू सलग महिनाभर जुळल्या, की मगच मोठ्या ॲपकडे किंवा ओएनडीसीसारख्या (सरकारच्या पाठिंब्याचं, दुकानांना अनेक ॲप्सशी जोडणारं) नेटवर्ककडे बघा. कमिशन कशावर धरतात, पैसे किती दिवसांनी येतात, परत आलेल्या मालाचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. तीसच वस्तूंनी सुरुवात करा, आणि त्या वस्तूंचे दोन-तीन नग ॲपला न दाखवता राखून ठेवा, म्हणजे काउंटरवर शेवटचं पाकीट गेलं तरी ॲपवरची ऑर्डर रद्द करावी लागत नाही.

आणि तुमची पहिली चतुर्थी जवळ आली असेल, तर ऑनलाइन ऑर्डरी तीन दिवस आधी बंद होतील अशी पाटी आतापासूनच लावा. नारळ, गूळ, रवा, चण्याची डाळ, तांदळाचं पीठ यांची मागणी पंधरा दिवस आधी नावानिशी लिहून घ्या, त्याप्रमाणे वितरकाला सांगा, आणि माल आला की त्या दिवशी तरी पेट्या स्वतः उघडून मोजा.